टिन रेनडिअरचा तिसरा अल्बम

आमच्या दुबईच्या मंडळात पाहुण्यांचा परिचय करून द्यावा तर तो मीच! हे मी एकटाच म्हणत नाही, मंडळाचे अध्यक्ष सूर्यकांतकाकाही म्हणतात. बाकीचे लोक पाहुण्यांनी पाठवलेला कागद वाचून दाखवतात आणि खाली बसतात. छे! याला काय परिचय म्हणायचं? मी अभ्यास करतो. मागच्या स्नेहसंमेलनात एका दंतवैद्यांचा परिचय करून देताना मी त्यांच्या शाळेतल्या वक्तृत्वस्पर्धेपर्यंत जाऊन पोचलो होतो. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. सूर्यकांतकाकांच्याही आलं, पण ते मसालेभात गार झाला म्हणून. त्यांनी मला बाजूला घेऊन दम भरला, "सुजीत, पुढच्या वेळी माझी चिठ्ठी आली की खलास! जिथे असशील तिथे थांबायचं."

मी शब्द दिला. आणि आयुष्यात पहिल्यांदाच दिलेला शब्द पाळला, तिथेच सगळा घोळ झाला.

यंदाचे पाहुणे होते स्टेलान सर. जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्याच इमारतीत वर राहतात. स्वीडनचे, साठीच्या पुढचे, उंचच उंच आणि बोलणं इतकं हळू की लिफ्टमध्ये 'गुड मॉर्निंग' सुरू केलं की पूर्ण होईपर्यंत तळमजला येतो. त्यांची नोकरी म्हणजे मोठमोठ्या हॉटेलांमधल्या एसीचा आवाज कमी करून देणं. असा हा शांततेचा व्यापारी तरुणपणी 'टिन रेनडिअर' नावाच्या हार्ड रॉक बँडमध्ये गिटार बडवत होता, हे ऐकून मी थक्कच झालो. आमची मिहिका, वय वर्षं सोळा, त्यांच्याकडे गिटार शिकते. आमच्याशी ती दिवसाला चार वाक्यं बोलते, तीही इंग्रजीत. सरांबद्दल मात्र तासन्‌तास बोलते.

तिनेच घाट घातला होता. बँड फुटल्यापासून सरांनी स्टेजवर पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांनी पुन्हा एकदा लोकांसमोर वाजवावं, आपल्या शेजारी बसून वाजवावं, एवढंच त्या पोरीला हवं होतं. वर्षभर मागे लागून तिने त्यांना आमच्या स्नेहसंमेलनासाठी तयार केलं. सूर्यकांतकाकांनी लगेच त्यांना प्रमुख पाहुणे करून टाकलं. गोरा पाहुणा असला की फोटो चांगले येतात, असं त्यांचं मत आहे.

"बाबा, प्लीज," मिहिका म्हणाली, "जस्ट से हिज नेम अँड दॅट ही टीचेस मी. टू लाइन्स. दॅट्स ऑल."

"दोन ओळी? अगं, माझी काही पत आहे की नाही!"

"ही डझंट लाइक टॉकिंग अबाउट द बँड."

"त्यांनी बोलायचंच नाहीये. मी बोलणार आहे!"

वैभवी, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "पोरगी सांगतेय ते ऐक जरा." पण थोर माणसांचं घरात कोण ऐकतं? म्हणजे, थोर माणसं घरात कोणाचं ऐकतात!

मी अभ्यासाला बसलो. ऑफिसात लॅपटॉपवर एका बाजूला एक्सेल आणि दुसऱ्या बाजूला रेनडिअर. बँडचे अल्बम तीनच. पहिल्याचं नाव 'शिंगं'. समीक्षक खूश! "कानाचे पडदे फाटले, धन्यवाद," असं एकाने लिहिलं होतं. दुसरा 'खुरं'. समीक्षक बेहोश! "शेजाऱ्यांनी पोलिस बोलावले, यापेक्षा मोठी पावती कोणती?" आणि मग तिसरा आला, 'स्वयंपाकघरातला दिवा'. गाणी सगळी स्टेलान सरांची, संथ, हळुवार. समीक्षक अक्षरशः तुटून पडले होते. "झोप न येणाऱ्यांसाठी उत्तम." "रेनडिअर म्हातारं झालं, त्याला आता गोठ्यात बांधा." "गिटारवादकाला आईची आठवण येते हे कळलं. आम्हाला अल्बमच्या पैशांची येते." त्यानंतर बँड फुटला.

मला तर घबाडच मिळालं! अहो, परिचयाला असा एक खड्डा लागतोच. आधी माणूस पार खाली जायला हवा, मग त्याला 'पण ते खचले नाहीत' म्हणून वर काढायचा. टाळ्या तिथे पडतात. मी सगळी परीक्षणं मराठीत उतरवली, जिथे कमी तिखट वाटली तिथे थोडं तिखट घातलं. शेवटी एक झकास कलाटणी लिहिली. मिहिकाला बजावलं, "तू सरांच्या शेजारी बसायचं आणि मी बोलेन ते इंग्रजीत सांगायचं. एक शब्द गाळायचा नाही! कळू दे त्यांना, तुझ्या बाबांनी किती वाचलंय ते."

ती उठून खोलीत गेली. मला वाटलं, भारावली असेल.

संमेलनाच्या दिवशी शाळेचं सभागृह खच्चून भरलं. सर पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. पायाशी गिटारची पेटी होती आणि तिच्यावर त्यांचा हात होता. शेजारी मिहिका, हिरव्या पैठणीच्या कापडाचा ड्रेस घालून. ती हसत होती. पोरगी इतकी हसताना मी किती दिवसांनी पाहिली!

मी माइक हातात घेतला. 'शिंगं' झाली, टाळ्या. 'खुरं' झाली, टाळ्या. मिहिका सरांच्या कानात सांगत होती, सर मान हलवत होते. मग मी आवाज खाली आणला, थोडा थांबलो आणि म्हणालो, "पण नियतीच्या मनात काही वेगळंच होतं!"

आणि सुरू झालो. झोपेचं सांगितलं. लोक हसले. गोठ्याचं सांगितलं, आणखी हसले. मिहिका गप्प झालेली दिसली. मला वाटलं, भाषांतर अडलं. मी माइकवरूनच विचारलं, "मिहिका, सांगतेस ना सरांना? गोठा म्हणजे काउशेड!"

सगळं सभागृह माना उंचावून तिच्याकडे बघू लागलं. सरांनीही तिला हळूच काहीतरी विचारलं. पोरीने मान खाली घातली आणि सांगितलं. शब्द न्‌ शब्द, मी बजावलं होतं तसं. मी आईच्या आठवणीचं परीक्षण वाचलं. तेही तिने सांगितलं. पेटीवरचा हात उचलून सरांनी मांडीवर ठेवला.

"आणि अशा रीतीने," मी हात उंचावून म्हणालो, "या तिसऱ्या अल्बमने टिन रेनडिअरचा कायमचा अंत केला!"

एवढ्यात चिठ्ठी आली. 'जेवण आलंय. आटप.'

कलाटणी तर पुढच्याच ओळीत होती! मी काकांकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला गेल्या वर्षीचा मसालेभात आठवला. दिलेला शब्द आठवला. आणि मी, ज्याने जन्मात कुठल्या चिठ्ठीला दाद दिली नाही तो मी, म्हणालो, "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जय महाराष्ट्र!"

टाळ्यांचा कडकडाट! बँड फुटल्याबद्दल इतक्या टाळ्या स्वीडनमध्येही पडल्या नसतील. काकांनी सरांना स्टेजवर बोलावून शाल पांघरवली, हातात नारळ दिला, फोटो काढले. सरांनी माइक घेतला आणि त्यांच्या त्या हळू इंग्रजीत म्हणाले, "आभारी आहे. यातलं काही मी वाचलं नव्हतं. माझ्या मित्रांनी मला सांगितलं होतं की तो अल्बम लोकांपर्यंत पोचलाच नाही. मला इतकी वर्षं वाटत होतं, तो कोणी ऐकलाच नसेल."

मग ते मिहिकाजवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू वाजव. छान वाजवतेस. तुला माझी गरज नाही." नारळ एका हातात, गिटारची पेटी दुसऱ्या हातात, अंगावर शाल, असे ते मधल्या वाटेने निघून गेले. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या! लोकांना वाटलं, पाहुण्यांना दुसरा कार्यक्रम असेल.

मिहिकाने वाजवलं नाही.

जेवताना मला चार जणांनी येऊन सांगितलं, "काय परखड बोललात, सुजीतराव! हल्ली असा परिचय ऐकायला मिळत नाही." मसालेभात गरम होता. मी तो ताटात नुसता इकडून तिकडे सारत राहिलो. वैभवीने ताटावरून मान वर न करता विचारलं, "ते दोघं आज कुठलं गाणं वाजवणार होते, माहितेय?"

"कुठलं?"

"तिसऱ्या अल्बममधलं."

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या दारात उभा. भाषणाचा उरलेला कागद खिशात! बेल वाजवली. सरांनी दार उघडलं, आत बोलावलं, कॉफी दिली. रागावले असते तर बरं वाटलं असतं. हा माणूस मला विचारतो काय, तर नारळ फोडतात कसा? मी त्यांच्या बाल्कनीच्या उंबऱ्यावर नारळ आपटला. फरशीचा टवका उडाला, नारळ जसाच्या तसा. मी सॉरी म्हणालो. फरशीबद्दल म्हणालो की कालबद्दल, मलाच कळेना.

"सर, कालचं भाषण अर्धवट राहिलं," मी म्हणालो आणि तिथेच उभ्या उभ्या कागद काढून कलाटणी वाचली. ते खचले नाहीत, वाळवंटात नवं आयुष्य उभं केलं, आज नामांकित हॉटेलं त्यांच्यामुळे शांत आहेत, वगैरे वगैरे. सरांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"छान आहे," ते म्हणाले. "यात अल्बमबद्दल काय आहे?"

मी कागद उलटा करून पाहिला. मागे वाण्याचं सामान लिहिलं होतं.

"तुम्ही सगळी परीक्षणं वाचलीत?"

"सगळी, सर! एकही सोडलं नाही!"

"आणि अल्बम ऐकलात?"

मी कॉफीचा कप खाली ठेवला. अहो, खरंच सुचलंच नव्हतं! मी बँडचा अभ्यास करत होतो, गाणी कशाला ऐकू?

सर चिडले नाहीत. म्हणाले, "हरकत नाही. परीक्षणं लिहिणाऱ्यांपैकीही पुष्कळांनी नसेल ऐकला." आणि कप विसळायला आत गेले.

मिहिकाची शिकवणी बंद झाली नाही, तेवढं मोठं मन त्यांचं. पण ते आता फक्त सांगतात, स्वतः वाजवत नाहीत. गिटारची पेटी कपाटावर गेली, असं वैभवीकडून कळलं. माझ्याशी मिहिका दिवसाला चार वाक्यं बोलत होती, ती दोनावर आली. 'ओके' आणि 'फाइन'. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. तिने वर्षभर खपून उघडलेलं दार मी माइकवरून लावून टाकलं.

मग एकदा ऑफिसातून येताना गाडीत तो अल्बम लावला. पहिली काही मिनिटं मी समीक्षकांच्या बाजूने होतो. मग एक गाणं लागलं. त्यात म्हातारी आई कोणाची तरी वाट बघत स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवते, आणि मागे किटलीसारखी बारीक शिट्टी वाजत राहते. शब्द अर्धेच कळले. पण साताऱ्याला माझी आई फोन ठेवण्याआधी "जेवलास का?" विचारते, ते आठवलं. अल क्वोजचा फाटा चुकला. हॉर्न वाजायला लागले. मी सरळ पुढे जात राहिलो, गाणं संपेपर्यंत.

घरी आल्यावर बेडरूममध्ये बसून, ज्या वेबसाइटवर ती सगळी परीक्षणं वाचली होती तिच्यावरच मीही लिहिलं. इतक्या वर्षांत त्या अल्बमला पाच तारे देणारा मी पहिलाच! लिहिलं की हा अल्बम ज्यांना कळला नाही त्यांना कान नाहीत, आणि तिसऱ्या गाण्यातली ती किटलीची शिट्टी म्हणजे तर कळस आहे. म्हटलं, मिहिका वाचेल, सरांना दाखवेल, कदाचित पेटी कपाटावरून खाली येईल.

थोड्याच वेळात खाली उत्तर आलं. 'डिड यू ईव्हन लिसन?'

नाव भलतंच होतं. पण हा प्रश्न या स्वरात विचारणारी व्यक्ती जगात एकच आहे, आणि ती भिंतीपलीकडे बसली होती. मी ओरडलो, "ऐकलंय! या वेळी खरंच ऐकलंय गं! ते किटलीचं, तिसरं!"

भिंतीपलीकडे खुर्ची सरकली. मग आवाज आला, "इट्स द फोर्थ, बाबा."

आणि दार लागलं.

मी यादी काढून पाहिली. चौथंच होतं. गाडीतल्या मोबाइलवर गाणी उलटसुलट लागली होती, आणि एवढ्या अभ्यासू माणसाने ते पाहिलंच नव्हतं!