घरमालकिणीची परवानगी

'आवाज' नावाचा फोल्डर टर्नरकाकांनी सकाळपासून सदतीस वेळा उघडून पाहिला, आणि सदतीसही वेळा संगणकाने एकच उत्तर दिलं: 'हा फोल्डर उघडण्यासाठी घरमालकीण यांची परवानगी आवश्यक आहे.'

ही घरमालकीण म्हणजे काकू. संगणक घेतला तेव्हा तो नाव विचारू लागला, म्हणून काकूंनी हेच नाव घातलं आणि वर काकांकडे बघून "काही हरकत?" असंही विचारलं. हरकत घ्यायची काकांची काय बिशाद! कारखान्यात टर्नर म्हणून तीस वर्षं लोखंडाला वळण लावलेला हा माणूस घरात विचारल्याशिवाय खिडकीसुद्धा उघडत नसे.

काकूंना जाऊन तीन महिने झाले होते. परवा कसल्याशा अपडेटने काकांच्या नावाचं नवं खातं काय उघडलं, आणि हा फोल्डर अडून बसला. त्यात काकूंचाच आवाज असणार, दुसरं काय? काकांना हल्ली एक भीती वाटू लागली होती. काकूंचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा, पण आवाज आठवायला गेलं की आठवत नसे.

शेवटी त्यांनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"घरमालकीण परवानगी देत नाही? भाड्याने राहता का काका?"

"छे हो, घर माझंच. घरमालकीण म्हणजे आमची ही."

"मग सोपंय की! त्यांना पासवर्ड विचारा."

"ती घरी नाहीये."

"कधी येतील?"

आता खरं सांगून मोकळं व्हायचं की नाही? पण 'वारली' हा शब्द काकांच्या तोंडून अजून एकदाही निघाला नव्हता. जिभेवर यायचा आणि परत फिरायचा.

"सांगून गेली नाही," ते म्हणाले.

झालं! मंगळवारी दुरुस्तीवाल्याचा फोन, "आल्या का बाई?" बुधवारी पुन्हा, "आल्या?" गुरुवारी त्याने आवाज खाली आणला. "काका, लहान तोंडी मोठा घास घेतो. भांडण झालंय का?"

काकांना सुटकेची वाट दिसली. "थोडंसं."

"माहेरी गेल्यात?"

"हो."

"चूक कोणाची?"

"माझीच," काका म्हणाले, आणि हे मात्र अगदी मनापासून म्हणाले. "दुखतंय म्हणाली होती ती. मी म्हटलं, उद्या बघू."

"असं उद्यावर ढकलू नये हो काका! बायका मनाला लावून घेतात."

शुक्रवारी स्वारी स्वतःच दारात हजर. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, दुसऱ्याच्या संसारात जीव टाकणारा माणूस. संगणकाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

"फोल्डर दोन मिनिटांत उघडेल. पण बाईंचं कपाट त्यांच्या माघारी फोडणार नाही मी. आधी त्यांना फोन लावा आणि सॉरी म्हणा."

"नको हो."

"लाजताय कसले? मी तोंड फिरवून बसतो." आणि तो खरोखरच भिंतीकडे तोंड करून बसला.

काकांनी नंबर लावला. न लावून जातात कुठे? तशी आतल्या खोलीत घंटी वाजू लागली. काकूंचा फोन काका रोज न चुकता चार्ज करून ठेवत असत.

"फोन विसरून गेल्या वाटतं," म्हणत दुरुस्तीवाला आत डोकावला. टेबलावर फोन वाजत होता, शेजारी लाल पेन होतं आणि घडी घातलेला चष्मा. "चष्मापण ठेवून गेल्या?" असं म्हणत तो वळला, आणि काकांचा चेहरा पाहून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"कधी?" त्याने विचारलं.

"तीन महिने झाले."

"आणि मी गाढव चार दिवस तुम्हाला..." तो संगणकासमोर जाऊन बसला. दोन मिनिटांनी म्हणाला, "मालकी तुमच्या नावावर करायची का, विचारतोय. 'हो' दाबा काका."

काकांनी 'हो' दाबलं. फोल्डर उघडला. आत दोनशे फायली होत्या. पहिली लावली.

"प्रकरण सातवे! पाण्याच्या पंपाची निगा!" असा आवाज घरभर दणाणला.

"अहो, हा तर मी!" काका म्हणाले.

काकू घरी छापखान्याची मुद्रितं तपासायच्या. संध्याकाळी काका मूळ हस्तलिखित विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचून दाखवायचे आणि काकू लाल पेन घेऊन छापील कागदावर चुका शोधायच्या. मशिनच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या काकांना हळू वाचणं ठाऊक नव्हतं. पण काकू हे सगळं रेकॉर्ड करून ठेवत होत्या, याचा त्यांना पत्ताच नव्हता. त्यांनी दुसरी फाईल लावली, दहावी लावली, चाळिसावी लावली. सगळीकडे आपले काकाच!

"माझा आवाज कशाला साठवला हिने? मी होतोच की इथे," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. "तिचा एक शब्द नाही हो यात."

"थांबा," दुरुस्तीवाला म्हणाला. त्याने पहिली फाईल पुन्हा लावली आणि आवाज होता नव्हता तेवढा वाढवला.

"पंप सुरू करण्यापूर्वी, स्वल्पविराम, झडप तपासावी, पूर्णविराम!"

"हं," मागून कोणीतरी म्हणालं. अगदी हळू.

काका खुर्चीत ताठ झाले.

"झडप घट्ट असल्यास, स्वल्पविराम, तेल सोडावे, पूर्णविराम!"

"हं. पुढे."

काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि कान स्पीकरला टेकवला. पण आतले काका थांबायचं नाव घेईनात. नळी, वायसर, पट्टा, एकामागून एक वाक्यं गर्जत सुटले. बाहेरच्या काकांना आपली बडबड जन्मात कधी एवढी नकोशी झाली नव्हती.

"अरे, गप्प बस की जरा," ते रडत रडत स्वतःवरच ओरडले, "तिला बोलू दे!"