पुठ्ठ्यातली खिडकी

"मी आखलेली रेघ आजवर हलली नाही, आणि मी मांडलेले पानही हलणार नाही!" पुंडलिकरावांनी समाजाच्या बैठकीत असे ठणकावून सांगितले, तेव्हा टाळ्या पडल्या. वधूवर परिचयाचे संकेतस्थळ फुकट करून देणारा दुसरा माणूस अख्ख्या पांढुर्ण्यात मिळत नव्हता, हेही त्या टाळ्यांमागचे एक कारण होते.

पुंडलिकराव तंत्रनिकेतनात यंत्ररेखांकन शिकवून निवृत्त झालेले. घरची भाकरीसुद्धा ते एक डोळा मिटून, गोलाई तपासूनच मोडत. या कामात मात्र त्यांचा स्वार्थ होता. त्यांचा मुलगा वैभव कृषीची पदवी घेऊन घरची संत्र्याची बाग सांभाळत होता. झाडांना दरवर्षी बहार येई. वैभवला स्थळ काही येईना. "मुलगा शेतीत आहे" म्हटले की पलीकडचा माणूस असा झटकन फोन ठेवी, जणू फोनमधून शेणाचा वास आला!

पान त्यांनी नकाशासारखे मांडले. वरच्या ओळीत चार मुलांची छायाचित्रे, खालच्या ओळीत ज्याची त्याची माहिती. पहिला मान वैभवचा. 'निर्व्यसनी. शेती करतो व शेतीच करणार.' एकेक शब्द सोन्यासारखा तोलून लिहिलेला.

"बाबा, लोक मोबाईलवरच पाहून राहिले आता," वैभव म्हणाला. "एकदा फोनवर उघडून पहा न."

"पडदा अरुंद असेल तर सारे चौकोन एकाखाली एक यावेत, अशी आज्ञा लिहिली आहे."

"लिहिली, पण पाह्यली का?"

"तपासणी झाली!"

तपासणी अशी झाली होती. पुंडलिकरावांचा स्वतःचा फोन बटनांचा. म्हणून त्यांनी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्यावर वैभवचा फोन ठेवून टोकदार पेन्सिलीने आखला, पात्याने तेवढी खिडकी कापली, आणि ती खिडकी संगणकाच्या पडद्यावर फिरवली. वर वैभव, खाली वैभवची माहिती. सरकवत सरकवत शेवटी वर सौसरचा वीरेंद्र, खाली वीरेंद्रची माहिती. "पास!" पुंडलिकराव म्हणाले.

फोनने मात्र ती आज्ञा शब्दशः पाळली. खऱ्या फोनवर आधी चारही छायाचित्रे एकाखाली एक उतरली, आणि मग चौघांची माहिती. परिणामी काळा चष्मा लावून दुसऱ्याच्या मोटारीला टेकलेल्या वीरेंद्रच्या पायाशी वैभवची माहिती येऊन बसली!

आणि मोहगावहून फोन आला. स्थळ पसंत आहे, रविवारी येतो!

वैभवच्या आईने, जयवंताबाईंनी, कोथिंबिरीची सांबारवडी तळली. वैभवने सदऱ्याला इस्त्री केली. मोहगावचे विनोदभाऊ आपल्या मुलीला, हिमानीला, घेऊन आले. हल्ली मुलगीच मुलगा पाहायला येते. हा बदल पुंडलिकरावांना मान्य होता, कारण इलाज नव्हता.

"माहिती लय पसंत आली जी आम्हाले," विनोदभाऊ म्हणाले. "शेती करतो म्हणून खरं खरं कोण लिहिते आजकाल?"

पुंडलिकराव कढईतल्या पुरीसारखे फुगले.

"बोलवा मंग पोट्ट्याले."

"हा काय, समोरच बसला आहे!"

विनोदभाऊंनी वैभवकडे पाहिले, फोनकडे पाहिले, पुन्हा वैभवकडे पाहिले. "हा लहाना भाऊ असन?"

"हाच वैभव!"

"मंग हा कोण जी?"

पुंडलिकरावांनी चष्मा सावरला. मोटारीला टेकलेला वीरेंद्र, आणि खाली 'शेतीच करणार'! वैभवने बोटाने पान सरकवून अगदी वरचे टोक गाठले.

"मी इथं आहो," तो म्हणाला. "सगळ्याच्या वर. बिनामाहितीचा."

"अशक्य! थांबा!" पुंडलिकराव धावत जाऊन पुठ्ठा घेऊन आले आणि पाहुण्यांना संगणकापुढे उभे केले. "पाहा! या खिडकीतून पाहा!"

विनोदभाऊंनी खरोखरच एक डोळा मिटून पाहिले. "इथं बराबर हाये जी. पण हे खोकं घेऊन फिरते कोण?"

पुंडलिकराव हिमानीकडे वळले. आवाज एकदम खाली आला. "पण माहिती तर याचीच आहे ना, बेटा? ती तुम्हाला पसंत होती."

हिमानीने वैभवकडे एकदा पाहिले. त्या पाहण्यात तुच्छता नव्हती, काहीच नव्हते. "माहिती बाबांनी वाचली, काका. म्या फोटोच पाह्यला."

"वडी घ्या न," वैभव म्हणाला. "थंडी होऊन राहिली."

जाताना विनोदभाऊ फाटकाशी घुटमळले. "राग नका मानू जी. या फोटोवाल्याचा नंबर भेटन का?"

पुंडलिकरावांनी नंबर दिला, आणि आकडे पुन्हा वाचून खात्री करून घेतली.

"नंबर तरी चुकवाचा होता!" जयवंताबाई कडाडल्या.

"चुकीची माहिती देणे माझ्या नियमात बसत नाही," पुंडलिकराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येक छायाचित्र त्याच्या माहितीसह एकाच चौकटीत बांधले. काम चहा निवायच्या आत झाले. वैभवने फोनवर पाहिले. "आता बराबर आहे," म्हणाला, आणि बागेत पाणी सोडायला गेला. वैभवच्या फोटोखाली वैभवचीच माहिती दिसू लागली, आणि फोन यायचे थांबले.

पुढे लग्नपत्रिका आली, तीही संकेतस्थळाच्या रूपात. पुंडलिकरावांनी ती संगणकावर उघडली. दोन्ही बाजूंना कोरे पांढरे रान, आणि मधोमध एक चिंचोळी पट्टी. कारागिराने फक्त फोनचाच विचार केलेला! त्यांनी खणातून पुठ्ठा काढला आणि पडद्याला लावला. तंतोतंत बसला. खिडकीत वर हिमानी आणि वीरेंद्र, खाली नावे, ज्याची त्याला.

"पास," पुंडलिकराव म्हणाले. सवयीने.