जमिनीवरचं घर

उदगीरच्या आमच्या गल्लीत विश्वनाथअप्पांकडे पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थबकतो. घड्याळ जमिनीवर, आरसा जमिनीवर, टीव्ही जमिनीवर, देवसुद्धा जमिनीवर. भिंतीला एक खिळा नाही. किती वाजले ते बघायला अप्पा उकिडवे बसतात. कारण विचारलं तर म्हणतात, "वर ठेवलं अन् पडलं तर?"

मी शेजारी. स्कूटर स्टँडवर लावली की त्यांच्या खिडकीतून आवाज येतोच, "कांबळे सर, पडली तर?" हे ऐकून ऐकून माझी अशी गत झालीय की शाळेत फळा पुसताना डस्टर मी दोन्ही हातांनी धरतो. पोरं हसतात.

या भीतीचं मूळ एका लोखंडी पेटीत होतं. अप्पांचे वडील मोंढ्यातले आडते, धान्याच्या बाजारातले दलाल. रोकड घेऊन फिरावं लागे म्हणून त्यांनी परवान्याचं रिव्हॉल्व्हर घेतलं होतं. ते गेले आणि रिव्हॉल्व्हर अप्पांकडे आलं. धाडस तेवढं आलं नाही. खंडेनवमीला लोक चौरंगावर शस्त्रं पुजतात. अप्पा ते जमिनीवर गादी अंथरून ठेवायचे आणि लांबूनच झेंडू टाकायचे.

एकदा मी चिडवलं, "अप्पा, चाप ओढल्याशिवाय गोळी सुटते का कुठं?"

त्यांनी चहा बाजूला सारला आणि बशीत बिस्कीट उभं केलं. "ही गोळी. हा चमचा म्हणजे घोडा, मागून गोळीवर आपटणारा. आपल्या जुन्यात घोड्याचं टोक गोळीला टेकूनच असतंय. घोड्यावर पडलं की ठो!" बिस्किटाचा भुगा झाला. मग दुसरं बिस्कीट ठेवून त्यांनी चमच्याच्या आड तळहात धरला. "नव्यात अशी पट्टी मधी असती. कितीबी आपटा, घोडा पट्टीवरच अडतो. चाप ओढला तरच पट्टी सरकती. आपल्यात पट्टीच न्हाई. म्हणून बाबा चक्रीतलं घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचे."

"मग तुम्हीही ठेवा."

"ठेवलंय की! पण पडताना चक्री फिरली तर?"

मी उरलेलं बिस्कीट खाल्लं.

लातूरला अप्पांचा मुलगा, सून रेणुका आणि नात गिरिजा. बायको गेल्यापासून अप्पा एकटेच, त्यामुळे नात कधी येते याचीच वाट बघायचे. ती रांगायला लागली आणि रेणुकाचा फोन आला. "मामा, राग मानू नका. ती वस्तू घरात हाय तोवर मी पोरीला आणणार न्हाई."

अप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. पेटी जमिनीवर ठेवावी तर रांगती पोर गाठणार. माळ्यावर ठेवावी तर पडणार. दांडगं कुलूप लावा म्हटलं, तर "उघडं राहिलं तर?" आयुष्यभर बसवलेली व्यवस्था त्या वीतभर पोरीनं मोडीत काढली होती. मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून हसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते माझ्या दारात. "सर, सुनबाईचं खरं हाय. चला, ठाण्यात देऊन येऊ. कायमचं."

"बाबांची आठवण आहे ना ती?"

"हाय की," म्हणाले, आणि पेटी उघडायला घराकडं वळले.

रिव्हॉल्व्हर वडिलांच्या धोतरात गुंडाळून अप्पांच्या मांडीवर, गोळ्या वेगळ्या पुडीत माझ्या खिशात. स्कूटरवर प्रत्येक गतिरोधकाला पाठीमागून "हळू, हळू!"

"अप्पा, गोळ्या माझ्याकडं आहेत. ते पडलं तरी काही होणार नाही."

"मग तुम्ही पडू नका!"

त्यानंतर मीसुद्धा घाम पुसत पायी चालल्यासारखी स्कूटर चालवली. ठाण्यात हवालदारानं सगळं तपासून, लिहून घेतलं आणि रिव्हॉल्व्हर टेबलाच्या कडेला ठेवलं. अप्पांनी ते हळूच मध्यावर सरकवलं. "साहेब, काठावर नका ठेवू. बाबांचं हाय." बाहेर आल्यावर रिकाम्या धोतराची घडी काही त्यांना नीट जमेना. शेवटी ती मीच घातली.

रविवारी गिरिजा आली. मी चहाला गेलो तेव्हा ती पलंगाच्या लाकडी कडेला धरून उभी राहायला शिकत होती. अप्पा तिच्यामागं फरशीवर गुडघ्यांवर सरकत होते, आणि तिचं डोकं नि पलंगाची कड यांच्यामध्ये त्यांचा तळहात आडवा होता. तिला न लागता, पण ती जाईल तिकडं.

पोर डगमगली, डोकं हातावर आपटलं, आणि ती खिदळत मटकन खाली बसली. परत उठून कडेला धरायला गेली.

आतून रेणुका ओरडली, "मामा, पडली तर?"

अप्पांनी मात्र हात तसाच धरून ठेवला.

"पडू दे गं," ते म्हणाले, "मी हाय की मधी."