अर्ध्या जिन्यावरची लिफ्ट

लिफ्टच्या उद्घाटनाला सगळी इमारत खाली जमली होती. जिच्यामुळे लिफ्ट बसली ती बाई मात्र तिसऱ्या मजल्यावर, नवी चप्पल घालून, दारात खुर्ची टाकून बसली होती.

तिच्या हृदयाचं दुखणं जुनं होतं. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, "चढायचं नाही. एक जिनासुद्धा नाही."

"आणि उतरायचं?" तिनं विचारलं होतं.

"सावकाश, हात धरून उतरा की. पण उतरलात की परत चढावं लागणार, त्याचं काय?"

"म्हणजे मी एकदाच उतरायचं," ती म्हणाली. डॉक्टर हसले. तिचा नवरा हसला नाही.

नवऱ्याला इमारतीत सगळे चेकर म्हणायचे. एका मोठ्या डिझाइन ऑफिसात त्यांनी जन्मभर एकच काम केलं होतं, दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमधल्या चुका काढायचं. पूल असो, पाण्याची टाकी असो, त्यांची सही झाल्याशिवाय कागद साइटवर जात नसे. निवृत्त झाल्यावर ऑफिस सुटलं, खोड सुटली नाही. लग्नपत्रिका आली तरी ते आधी तारीख आणि वार जुळतात का ते बघत.

बायको घरात अडकल्यावर त्यांनी लिफ्टचा ध्यास घेतला. दारोदार फिरले, हातापाया पडले, चौथ्या मजल्यावरच्या चेअरमनशी चार वेळा भांडले. शेवटी इमारतीतले लोक तयार झाले. लिफ्टला आत जागा नव्हती, म्हणून जिन्याच्या मागच्या भिंतीला बाहेरून लिफ्टचा खांब उभा करायचं ठरलं. कंपनीचं ड्रॉइंग आलं तेव्हा तपासायचं काम अर्थातच चेकरांकडे आलं. त्यांनी ते दोनदा परत पाठवलं. एकदा उत्तर दिशेचा बाण तिरका होता म्हणून, आणि एकदा एका सळईचा व्यास लिहायचा राहिला होता म्हणून. तिसऱ्यांदा सही केली.

तर उद्घाटन झालं. चेअरमननी रिबीन कापली, चेकर एकटेच आत शिरले आणि बायकोला आणायला वर निघाले. लिफ्ट थांबली, दार उघडलं. समोर जिन्याचं वळण, कोपऱ्यात कुणाचा तरी मोडका स्टूल. उजवीकडे वर जाणाऱ्या पायऱ्या, डावीकडे खाली जाणाऱ्या. चेकरांना वाटलं, बटण चुकलं. त्यांनी पुढचं दाबलं. पुन्हा तसंच, फक्त स्टूल नव्हता. मग त्यांनी सगळी बटणं दाबून पाहिली. लिफ्ट प्रत्येक दोन मजल्यांच्या मध्ये, जिन्याच्या वळणावर थांबत होती. तळमजला सोडला तर मजल्यावर कुठेच थांबत नव्हती.

"अहो, येताय ना?" वरून हाक आली. "पाय अवघडले माझे!"

चेकर अर्धा जिना चढून वर गेले. बायकोनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि चप्पल काढून ठेवली.

चूक कशी झाली ते समजायला सोपं होतं, म्हणून मनाला जास्त लागणारं होतं. मापं घेणारा माणूस जिन्याच्या मागच्या भिंतीपाशी उभा राहिला आणि समोर दिसणाऱ्या वळणांनाच मजले समजून उंच्या लिहून गेला. दोन मजल्यांमधलं अंतर आणि दोन वळणांमधलं अंतर सारखंच असतं. चेकरांनी सगळ्या बेरजा-वजाबाक्या करून पाहिल्या, सगळ्या जुळल्या. आकडे बरोबर होते. फक्त ते कुणाचे आकडे आहेत, हे बघायचं राहिलं. वळणांवर भिंत फुटताना सगळ्यांना दिसत होती, पण चेकरांची सही आहे म्हणून कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी खाली सभा भरली. लिफ्ट कंपनीची इंजिनीअर मुलगी आली होती. तिनं चूक लगेच मान्य केली आणि मग हळूच ड्रॉइंग उलगडून कोपऱ्यातली चेकरांची सही सगळ्यांपुढे ठेवली.

चेअरमन उठून उभे राहिले. "उत्तर दिशेचा बाण दिसला तुम्हाला. लिफ्ट कुठे थांबते ते नाही दिसलं?"

"नाही दिसलं," चेकर म्हणाले.

"माझे गुडघे गेलेत हो! मी काय रोज अर्धा जिना चढू?"

"मला विचाराल तर लिफ्ट झकास आहे," तळमजल्यावरची शिवणवाली म्हणाली. तिला लिफ्टची गरजच नव्हती. "पाहुण्यांना सांगता येईल, आमच्याकडे उतरा, मग ठरवा वर जायचं का खाली."

सगळे हसले. चेकर उठले आणि लिफ्टमध्ये शिरले. मागून आणखी दोघं-तिघं बोलत येत होते, त्यांच्याबरोबर उभं राहायला नको म्हणून त्यांनी दिसेल ते बटण दाबलं. लिफ्ट त्यांच्या मजल्याच्या खाली न थांबता वरच्या वळणावर जाऊन थांबली. कपाळाला हात लावून ते अर्धा जिना उतरून घरी आले.

बायकोनं दार उघडलं. "आज धापा नाही टाकत तुम्ही?"

"चढलोच नाही. चुकून वर गेलो, उतरून आलो."

बोलता बोलता ते दारातच थांबले. बायकोही थांबली. 

"अगं," चेकर म्हणाले, "जाताना अर्धा जिना उतरायचा, खालच्या वळणावर लिफ्टमध्ये बसायचं. येताना..."

"वरच्या वळणावर उतरायचं आणि खाली यायचं," ती म्हणाली. "अहो, मग मला चढायचंच नाहीये कुठे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली गेली. त्यांचा हात धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मोडका स्टूल चेकरांनी आदल्या संध्याकाळीच ठोकून ठीक केला होता. वळणावर ती त्यावर बसली, दम खाल्ला, लिफ्टमध्ये शिरली आणि खाली रस्त्यावर जाऊन थेट भाजीवाल्यासमोर उभी राहिली. या भाजीवाल्याशी ती कित्येक दिवस तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून भांडत होती. दोरीला पिशवी बांधून सोडायची, भाजी वर ओढायची आणि वरून ओरडायची.

"तुमची वांगी किडकी असतात," ती म्हणाली. "हे मला समोर उभं राहून सांगायचं होतं."

भाजीवाला तिच्याकडे बघतच राहिला. "बाई, तुम्ही एवढ्याशा आहात होय? वरून आवाज केवढा मोठा यायचा!"

त्या दिवशी तिनं एकेक वांगं उलटंसुलटं करून घेतलं. चेकर पिशवी धरून मागे उभे होते. येताना वरच्या वळणावर उतरून दोघं घरी आली. डॉक्टरांनी तपासलं, काही बिघडलं नव्हतं. मग रोजचंच झालं.

इकडे कंपनीनं चूक फुकट दुरुस्त करून द्यायचं कबूल केलं. जिन्याच्या बाजूनं सज्जे काढायचे आणि लिफ्टची दारं मजल्याच्या पातळीला आणायची. काम पाच-सहा महिन्यांचं. तेवढे दिवस लिफ्ट बंद.

चेकर डॉक्टरांकडे एकटेच गेले. "पाच-सहा महिने ती घरात थांबली तर चालेल?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "चालेल. पण त्यानंतरचं मी काही बोलू शकत नाही. मधलंसुद्धा नाही."

घरी येताना चेकर खालच्या वळणावर स्टुलावर बराच वेळ बसून राहिले. मग ते उठून सरळ चेअरमनकडे गेले.

"दुरुस्तीचं ड्रॉइंग कुणी तपासणार आहे का?"

"तुम्हीच," चेअरमन म्हणाले. "या वेळी डोळे उघडे ठेवून."

"अगदी बारकाईनं तपासीन," चेकर म्हणाले. घरी येऊन त्यांना स्वतःची लाज वाटली. जन्मभर ज्यांनी चुका दुरुस्त केल्या, ते आता एक चूक जपायला निघाले होते.

पहिलं ड्रॉइंग आलं तेव्हा ते दार लावून तपासायला बसले. चूक सापडलीच नाही तर? पण सापडली. भिंतीत बसवायचे बोल्ट भिंतीपेक्षा लांब दाखवले होते, म्हणजे पलीकडच्या न्हाणीघरात बाहेर आले असते. चेकरांनी लाल पेन्सिलीनं गोल केला आणि कागद परत पाठवला. पुढच्या खेपेला सज्ज्याची जाडी एका ठिकाणी एक होती, दुसऱ्या ठिकाणी दुसरी. त्यापुढच्या खेपेला तर जिन्याच्या पायऱ्या उलट्या काढल्या होत्या, वर जाणाऱ्या बाणानं गेलं तर माणूस तळघरात पोचला असता. या इमारतीला तळघर नव्हतं.

"हल्लीच्या पोरांना काही म्हणता काही येत नाही," चेकर जेवताना म्हणाले. आवाजात समाधान होतं.

"तुम्हाला कधीपासून लोकांच्या चुकांचा आनंद व्हायला लागला?" बायकोनं विचारलं.

"आनंद कसला? उलट चीड येते."

"हं. मग जरा कमी आमटी वाढून घ्या. चिडलेल्या माणसाला इतकी भूक नसते."

इंजिनीअर मुलगी दर खेपेला गुंडाळी घेऊन यायची, खाली मान घालून उभी राहायची. "काका, या वेळी नक्की बरोबर आहे." चेकर बघायचे, गोल करायचे. "पुन्हा करा." मुलगी जायची. जाताना स्वयंपाकघरात डोकावून काकूंशी दोन शब्द बोलायची, पाणी प्यायची.

चेअरमन रोज जिन्यावर भेटायचे. चौथा मजला शेवटचा, त्याच्या वर वळण नाही, म्हणून त्यांना चढावंच लागायचं. वळणावर लिफ्टमधून बाहेर पडायचे, कठडा धरायचे, गुडघ्याला शिव्या घालायचे.

"झालं का तुमचं तपासून?"

"चूक आहे अजून."

"काढा, काढा. नीट काढा. घाई करू नका," चेअरमन म्हणायचे आणि कण्हत वर जायचे. चेकरांना वाटायचं, टोमणा मारतायत. खाली मान घालून ते बायकोला सावकाश उतरवत राहायचे.

असे दिवस गेले. तिला बाजार दिसला, समोरच्या बागेतलं बाक दिसलं, शिवणवालीच्या दुकानात बसून तिनं स्वतःच्या पडद्यांना स्वतः कापड निवडलं. भाजीवाला तिला लांबून बघितल्याबरोबर वांग्यांची टोपली झाकून ठेवू लागला.

एके सकाळी ती अर्धा जिना उतरून स्टुलावर बसली. "तुम्ही बोलवा लिफ्ट," म्हणाली. चेकरांनी बटण दाबलं. लिफ्ट आली, दार उघडलं. "चल," ते म्हणाले. ती उठली नाही. दार मिटलं. त्यांनी पुन्हा बटण दाबलं, दार पुन्हा उघडलं. मग ते एका हातानं बटण दाबून आणि दुसऱ्या हातानं तिचा खांदा धरून तसेच उभे राहिले. खालून लोक लिफ्टला हाका मारत होते. शेवटी चेअरमन वरून उतरत आले आणि त्यांनी चेकरांचं बोट बटणावरून काढलं.

लोक समाचाराला आले, गेले. तेरावा झाला. मग एके दुपारी इंजिनीअर मुलगी आली. बरोबर चेअरमन होते. मुलीनं गुंडाळी पाठीमागे धरली होती, पण गुंडाळी काही लपण्याइतकी लहान नव्हती.

"द्या ते," चेकर म्हणाले.

"आज नको काका. मी नुसती भेटायला आले."

"द्या हो. मला तरी दुसरं काय काम आहे?"

त्यांनी ड्रॉइंग टेबलावर पसरलं, चष्मा पुसला आणि बसले. बोल्ट पाहिले, सज्जे पाहिले, पायऱ्यांचे बाण पाहिले. उंच्यांची बेरीज केली. मग त्या उंच्या खरंच मजल्यांच्याच आहेत का, तेही पाहिलं. चहा समोर गार झाला. 

"सापडत नाही," ते शेवटी म्हणाले.

"नाहीच आहे काका."

"असं कसं? आजवर दर वेळी होती."

मुलीनं चेअरमनकडे पाहिलं. चेअरमननी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"हे पहिलंच आहे," मुलगी म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात तयार होतं. बाकीची मी यावरून केली. काकूंना तुम्ही रोज उतरवताना आम्ही बघत होतो."

चेकरांनी चष्मा काढला. "बोल्ट?"

"मी लांब केले."

"सज्ज्याची जाडी?"

"मीच."

"आणि त्या उलट्या पायऱ्या?"

चेअरमन खाकरले. "ती माझी कल्पना. तुम्ही अलीकडे थकलेले दिसत होता. म्हटलं, एखादी ढळढळीत असू द्या."

"मला वाटत होतं, मी तुम्हाला फसवतोय."

"फसवतच होतात की," चेअरमन म्हणाले. "आम्ही फसत होतो. त्यात काय एवढं?"

चेकर टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "तिला हे माहीत होतं?"

मुलगी जराशी हसली. मग म्हणाली, "काकू दर वेळी विचारायच्या, आता कुठली चूक करणार आहेस म्हणून. म्हणायच्या, जरा अवघड घाल गं. सोपी घातलीस तर ओळखतील ते."

चेकरांनी पेन घेतलं आणि कोपऱ्यात सही केली. "उद्यापासून काम सुरू करा," ते म्हणाले. "चेअरमनसाहेबांच्या गुडघ्यांनी फार सोसलं."

"घाई नाही हो," चेअरमन म्हणाले.

मुलगी ड्रॉइंग गुंडाळू लागली. अर्धं गुंडाळून झालं होतं, तेवढ्यात चेकरांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"थांब. परत एकदा बघतो. एखादी असेल."

मुलीनं कागद पुन्हा उलगडला. त्याची कडा सारखी वर येत होती, म्हणून चेअरमननी खुर्ची पुढे ओढली आणि एका कोपऱ्यावर हात ठेवून ते बसून राहिले.