निजलेला भुईचाफा

"मागल्या दारच्या भुईचाफ्याकडं ध्यान हाय ना?" शमीमनं पुण्याहून फोनवर विचारलं.

"हाय की. मस्त हाय," मन्सूरनं न बघताच ठोकून दिलं. लेक अम्रीनच्या बाळंतपणाला ती गेल्यापासून तो मागल्या दारी फिरकलाच नव्हता.

"बरं. म्या उद्या येतीय."

मन्सूर तडक मागल्या दारच्या फणसाखाली गेला. सावलीत नुसती कोरडी माती. पान नाही, काही नाही. शमीमनं पानशेतच्या माहेराहून आणलेलं ते वीतभर रोप, लेकरागत जपलेलं! एवढ्याशा झाडाला मरायला हाच मुहूर्त सापडला होता.

त्यानं भोरच्या बाहेरची रोपवाटिका गाठली. "भुईचाफा द्या."

रोपवाल्यानं कमरेएवढा चाफा पुढं केला.

"ह्यो भुईचाफा?"

"मग? भुईतच लावायचा. आभाळात लावताय का?"

डोकं तडकलं, पण वाद घालायला वेळ कुणाला होता? घरी येऊन मन्सूरनं त्याच जागी खड्डा खणायला घेतला, तर मातीतून गड्डे निघाले. हुंगून पाहिलं. आल्यासारखा वास.

"आलं लावलं आन् मला सांगितलंबी न्हाई!" असं पुटपुटत त्यानं ते धुतले आणि शेजारच्या गुलफशाला देऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी शमीम आली. थकून आलेल्या भाभीला स्वैपाक नको, म्हणून गुलफशानं मटणाचा डबा आधीच आणून ठेवला होता. शमीम मात्र आधी मागल्या दारी गेली.

"अहो, ह्ये काय?"

"भुईचाफा. जरा वाढलाय."

"जरा?"

"आता तुजा मेला, त्याला म्या काय करू? नवा आणला."

"मेला न्हवता, निजला व्हता! थंडीत पानं जात्यात, गड्डे ऱ्हात्यात. उन्हाळ्यात मातीतनंच फूल येतं. गड्डे कुठायत?"

मन्सूर अनवाणीच गुलफशाकडं धावला.

"ते आलं व्हय?" ती हसली. "सगळं मटणात वाटून घातलं, भाईजान. तुमच्याच डब्यात हाय."

तो पाय ओढत परतला. आता घर डोक्यावर घेतलं असणार! पण शमीम डबा उघडून बसली होती, रागातच. पण बोटं चाटत.

"भांडण मागनं करू," ती म्हणाली. "आदी जेवा. काय वास हाय वाटणाला! गुलफशाला इचारून या बरं, काय घातलंय त्यात."

मन्सूर आत्ताच विचारून आला होता. तो खाली मान घालून ताटावर बसला.