साळव्यांची बरणी

सकाळी पावणेसहाला आमच्या बिल्डिंगीत कुणी चहा पीत असे, कुणी स्कूटरला किका मारत असे, आणि माझ्या दारासमोर राहणारे साळवे उजवा हात कोपरापर्यंत एका चिनी मातीच्या बरणीत घालून उभे असत. दार सताड उघडं. पहिल्या शिफ्टची बस गाठायला आपण जिन्याकडं वळलो, की आतून हाक येई, "हात घाला, राव!"

दुसरा माणूस "चहा घ्या" म्हणेल, तितक्या सहज.

बरणीत होता तांदळाचा कोंडा. मीठ, पाणी, मोहरी आणि सुक्या मिरच्या घालून मुरवलेला, ओल्या वाळूसारखा. त्यात काकडी, मुळा नाहीतर वांगं पुरायचं आणि दुसऱ्या दिवशी उकरून, धुऊन भाताबरोबर खायचं. हे जपानी लोणचं. कोंडा रोज तळापासून वर-खाली केला नाही तर नासतो, आणि हे काम उघड्या हातानंच करायचं असतं. "चमच्याला काय कळतंय? तळ गरम हाय का गार, ते हातालाच कळतं," असं साळवे सांगत.

मी पुनावळ्याचा, शेतकऱ्याच्या घरचा. आमच्याकडं कोंडा म्हशी खातात. साळवे तो वडगावच्या भातगिरणीतून पोत्यानं आणतात हे कळल्यावर माझी आई म्हणाली, "म्हस तरी कुठं पाळलीया ह्यांनी?" ते स्वतः खातात असं सांगितल्यावर ती उठून आपल्या लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट करून आली.

साळवे मूळचे बीडकडचे. आमच्याच कंपनीत टूलरूमला, ग्राइंडिंग मशीनवर. ऐंशीच्या सुमारास कंपनीनं जपानहून नवी मशिनं घ्यायचं ठरवलं आणि चौघांना सहा महिने तिकडं शिकायला पाठवलं. बाकीचे तिघं येताना टेपरेकॉर्डर, कॅमेरे आणि बायकांना नायलॉनच्या साड्या घेऊन आले. साळव्यांनी आणला मूठभर कोंडा, ॲल्युमिनियमच्या डब्यात. मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या साहेबानं डबा उघडून विचारलं, "ये क्या है?"

"लोणचं."

"खाके दिखाओ."

साळव्यांनी चिमूटभर कोंडा तोंडात टाकला आणि चावून दाखवला. साहेबानं त्यांचं बाकीचं सामान उघडलंसुद्धा नाही.

त्या मूठभर विरजणावर चिंचवडातली बरणी उभी राहिली. मग बरणीला सोबत हवी म्हणून जपानी जिनसांच्या बाटल्यांची फळी आली. साळव्यांचा सिद्धांत होता, जपानी सैपाकघर मोजक्या वस्तूंवर चालतं. "तेवढ्या घरात असल्या म्हंजे पावणं कवा बी येऊ द्या." टूलरूमच्या सवयीनं त्यांनी प्रत्येक बाटलीला दोऱ्यानं पत्र्याची चकती बांधली होती. भरलेली असली की हिरवी बाजू वर, निम्म्यावर आली की लाल. लाल बाजू वर आली की साळव्यांना जेवण गोड लागत नसे.

त्यातली शोयू, म्हणजे सोयाबीनचा काळा खारट रस, ही सगळ्यात अडचणीची. मशिनं बसवायला जपानी इंजिनीअर यायचे, तेव्हा आमची माणसं त्यांच्याकडं कॅल्क्युलेटर आणि बॉलपेनं मागत. साळवे शोयू मागत. ती खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरून कँटीनमध्ये आणत आणि उसळीवर चार थेंब टाकत. फोरमननं एकदा बाटली हिसकून वास घेतला. त्याला वाटलं होतं ते निघालं नाही, आणि निघालं ते त्याला सहन झालं नाही. तांदळाच्या शिरक्यासाठी, म्हणजे व्हिनेगरसाठी, साळवे सुट्टीच्या दिवशी सायकल मारत पुण्याला कॅम्पात जात. पिंपरीच्या बाजारात सुकी मासळी विकणारी बाई तर त्यांना लांबून बघितलं तरी ओरडे, "भाऊ, घ्यायचं आसंल तर या, नुसतं हुंगायचं आसंल तर पुढं जावा!" कारण जपानी सुक्या माशाच्या जवळ जाणारा वास नक्की कुठल्या बांगड्याला येतो, याचा त्यांचा शोध चाललेला असे.

एकदा त्यांनी हरभऱ्याच्या डाळीचं मिसो घातलं. मिसो म्हणजे जपान्यांचा आंबवलेला डाळीचा गोळा, आमटीत कालवायचा. तिकडं ते सोयाबीनचं करतात आणि थंडीत मुरवतात. इकडं मे महिना होता. तिसऱ्या दिवशी बिल्डिंगीचे सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून वर आले. कुणीतरी त्यांना हातभट्टी लागलीय म्हणून सांगितलं होतं. साळव्यांनी मिसोही दाखवलं, शोयूही दाखवली, शेवटी बरणीचं झाकण काढून म्हणाले, "हात घाला!"

सेक्रेटरी दोन-दोन पायऱ्या उतरत गेले.

तसं हात घालायला कुणीच तयार नसे. ज्याला त्याला काहीतरी आडवं येई. एकाचे हात नुकतेच धुतलेले असत, एकाचा गुरुवार असे, एकाच्या बोटाला कापलेलं असे आणि ते कापलेलं वर्षभर भरून येत नसे. साळव्यांची बायको गावाकडं शाळेत मास्तरीण, सुट्टीपुरती यायची. तिनं पहिल्याच दिवाळीत सांगून टाकलं, "सुट्टीला आलेय, मला बरणीपासून बी सुट्टी द्या." मी रोजचा समोरचा. माझं कारण ठरलेलं, बस चुकेल. सुट्टीच्या दिवशी बस नसते, म्हणून त्या दिवशी मी जिना उतरायचं टाळत असे.

खरं कारण मला माहीत होतं आणि साळव्यांनाही माहीत असावं.

ते जपानला जायच्या आधीची गोष्ट. मी त्या बिल्डिंगीत राहायला आलो, तेव्हा सामान चढवायला साळवे आपणहून आले. ओळख ना पाळख. कपाट, ट्रंका, पाटा-वरवंटा, सगळं त्यांनी तीन मजले चढवलं. शेवटी टेम्पोत आईची लोणच्याची बरणी राहिली. साळव्यांनी ती उचलायला हात पुढं केले आणि आई खालून म्हणाली, "ती ऱ्हाऊ द्या. ती मी घेती."

आई तेव्हा साठीला आलेली, गुडघे धरलेले. तिनं बरणी छातीशी धरली आणि मजल्यामजल्यावर टेकत वर आली. तिच्या मागं एक पायरी सोडून साळवे चढत होते, रिकाम्या हातांनी, ती पडलीबिडली तर धरायला. वर आल्यावर म्हणाले, "व्हय आई, लोणच्याला जपावं लागतं." मी तिथंच उभा होतो. मी आईला काही बोललो नाही, साळव्यांनाही नाही.

पुढं त्यांची पत्रं लिहायचं काम माझ्याकडं आलं. साळव्यांना इंग्रजी वाचता येई, लिहिताना अडे. मी इन्स्पेक्शनला, रिपोर्ट इंग्रजीत लिहिणारा. नागोयाजवळ ज्या होस्टेलात ते राहत, तिथली मेस चालवणारी सत्तरीची विधवा बाई होती. साळवे तिला मावशी म्हणत. होस्टेलचा कारकून तिची पत्रं इंग्रजीत लिही, मी साळव्यांची लिही. असा दोन कारकुनांच्या मधून त्या दोघांचा संसारी पत्रव्यवहार चाले. काकडी मऊ का पडली, मीठ किती, उन्हाळ्यात काय करायचं.

तिच्या पहिल्याच पत्रात एक प्रश्न होता. बरणीत तुझ्याखेरीज कुणाचे हात असतात? एकाच हाताची बरणी कोती राहते, पाचपन्नास हात लागले की तिला चव येते.

मी वाचून दाखवलं आणि पेन उघडून बसलो. साळवे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लिव्हा. समोरचे भाऊ रोज कामावर जायच्या आधी हात घालतात."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"आन् त्यांच्या आई बी घालतात म्हणावं. म्हाताऱ्या माणसाचा हात चांगला."

मी लिहिलं. त्यानंतर प्रत्येक पत्रात एकेक हात वाढत गेला. सेक्रेटरींचा हात, फोरमनचा हात, तळमजल्यावरच्या पोरींचे हात. दोन वर्षांत सगळी बिल्डिंग त्या बरणीत उतरली, आणि ती सगळी मी माझ्या अक्षरात उतरवली. त्या पानांवर माझ्या स्वतःच्या हाताबद्दल मी किती वेळा खोटं लिहिलं, ते मी मोजलेलं नाही.

मग एका दिवाळीनंतर पत्र आलं. मावशीच्या गावातली काही म्हातारी माणसं फेब्रुवारीत बोधगयेला निघाली होती. बुद्धाची भूमी एकदा बघायची म्हणून तीही पैसे साठवून त्यांच्यात आली होती. परतीचं विमान मुंबईहून होतं, आणि मधला एक दिवस तिनं चिंचवडसाठी राखला होता. पत्रात लिहिलं होतं, 'मला तुझी बरणी बघायची आहे. ज्यांचे ज्यांचे हात तिच्यात आहेत, त्या सगळ्यांना भेटायचं आहे.'

पहिल्या वाक्याला साळव्यांचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं आता हे उठून नाचणार. दुसरं वाक्य मी वाचलं आणि ते उठून मोरीत हात धुवायला गेले.

फळीवरच्या सगळ्या चकत्या हिरव्या झाल्या. बाटल्यांवर जपानी अक्षरांच्या चिठ्ठ्या आल्या. त्या त्यांनी जपानी इंजिनीअर लोकांकडून लिहून घेतल्या होत्या. मावळातला आंबेमोहोर आला, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीला नवी चौकट आली. एकच गोष्ट गेली. सकाळी मी जिन्याकडं वळायचो, दार उघडं असायचं, साळवे बरणीपाशी उभे असायचे आणि आतून हाक येत नसे. इतके दिवस ते बोलावत होते. आता बोलावलं असतं तर ती विनवणी झाली असती. मला ते कळत होतं. आत जाऊन अस्तनी वर सारायला किती वेळ लागतो? तरी मी बस गाठत राहिलो. ती येईल त्या दिवशी रजा टाकून पुनावळ्याला जाऊन बसावं, इथपर्यंत माझा विचार झाला होता.

जानेवारीत पत्र आलं. रविवार होता. साळव्यांनी ते न फोडता माझ्यापुढं ठेवलं.

मावशी बर्फावरून घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी प्रवासाला कायमचा नकार दिला होता. होस्टेलची मेसही आता तिनं सोडली होती. पुढचं मी जसं होतं तसं वाचलं. 'माझी बरणी नव्या स्वयंपाकिणीला दिली. तिला सांगितलं, हिच्यात माझ्या सगळ्या पोरांचे हात आहेत, एक भारतातला आहे. बरणी जिवंत आहे तोवर ते निघत नाहीत. तुझ्या शेजाऱ्यांना माझा नमस्कार सांग. समोरच्या आईंना मुद्दाम सांग.'

साळवे बरणीच्या झाकणावर बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "एका अर्थी बरंच झालं म्हणायचं. आली असती, तर कुणाची गाठ घालून दिली असती मी?"

मी पत्राची घडी घातली.

"पहिल्या दिवशी काय झालं म्हाईत हाय का? मी मेसच्या दारात उभा. तिनं मनगट धरलं आन् माझा हात इथपर्यंत आत घातला." त्यांनी कोपर दाखवलं. "मला वाटलं, आता हिला सगळं लोणचं टाकून द्यावं लागतंय. दीक्षा घेऊन इतकी वर्षं झाली, डोक्यात कायसुदिक न्हवतं. पण हातालाच वाटलं तसं. दुसऱ्या दिवशी मी आपला बघत बसलो, टाकती का, टाकती का. तिनं त्यातलाच मुळा काढून चिरला आन् चौदा जणांना वाढला. आधी सोता खाल्ला."

ते हसले आणि डोळे पुसले, दोन्ही एकदमच. इतकी वर्षं समोर राहून मी या माणसाला विक्षिप्त म्हणून चारचौघांत त्याच्या नकला केल्या होत्या. मला माझी लाज वाटली, आणि आईनं छातीशी धरलेली ती बरणी आठवून अधिकच वाटली.

मी उठलो, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि अस्तनी वर केली. साळवे झाकण काढून बाजूला सरकले. वर कोंडा गार होता. जसजसा हात खाली गेला, तसतसा ऊबदार लागला. तळाशी एक काकडी हाताला आली.

"तळापासनं वर घ्या," साळवे हळूच म्हणाले. "हां. आस्सं. दाबू नका लई."

हात ओझरता पुसून मी टेबलाशी बसलो आणि कागद पुढं ओढला. "काय लिहू?"

"तिच्या पायाची इचारपूस करा. आन् बरणीचं मागच्यासारखंच लिव्हा. समोरचे भाऊ रोज हात घालतात."

मी लिहिलं. लिहून झाल्यावर बघतो तर माझ्या बोटांचा कोंड्याचा ओला डाग नेमका त्या ओळीवर उमटलेला. मी दुसरा कागद घ्यायला लागलो, तर साळव्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या तसाच," ते म्हणाले. "तिला वासावरनं कळंल, हात दुसऱ्याचा हाय."