गोल किक शिल्लक हाय

गायकवाड मामांच्या मते ती मॅच अजून चालू होती.

तसं पाहिलं तर मॅच संपून बरेच दिवस झाले होते. समोरचा संघ जिंकला, वरच्या गटात गेला, त्यांनी हलगी लावून मिरवणूकही काढली. पण आमच्या वस्तीमागच्या मैदानावर मामा रोज संध्याकाळी घडीची खुर्ची घेऊन येत, रेषेबाहेर मांडत आणि रिकाम्या मैदानाकडे टक लावून बसत. मैदानात शेळ्या चरत असत. कुणी विचारलंच तर मामा शांतपणे सांगत, "गोल किक शिल्लक हाय."

मी त्यांचा शेजारी. शाळेत भूगोल शिकवतो आणि फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. तरीही आमच्या वस्तीच्या उदय क्लबच्या सगळ्या मॅचेस मी पाहिल्या आहेत, कारण मामांना नाही म्हणता येत नाही. ते दारात उभे राहतात आणि "सर, चप्पल घाला," एवढंच म्हणतात.

मामा एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, सकाळी फिरायला जातात, निदान ब्लडप्रेशर तरी मागे लावून घेतात. मामांनी उदय क्लब मागे लावून घेतला. क्रिकेटचा विषय निघाला की ते म्हणत, "त्यो खेळ न्हाय, ती रजा हाय. निम्मी मानसं उभी, निम्मी बसल्याली." गोलकीपरचे जुने हातमोजे त्यांनी मामींना दिले आहेत. मामी ते घालून चुलीवरचं पातेलं उतरवतात आणि हातमोज्यांइतकी कामाची वस्तू या माणसाने जन्मात दुसरी आणली नाही असं सांगतात. एका लग्नात तर मामांनी नवरा, नवरी आणि फोटोग्राफर यांना जागच्या जागी उभं करून वऱ्हाडाला ऑफसाइड समजावला. पाहुणे हातात फुलं धरून ताटकळले, पण ऑफसाइड सगळ्यांना कळला. मला सोडून.

अंधश्रद्धेचा त्यांना भयंकर राग. कुणाच्या दारावर लिंबू-मिरची दिसली की तिथेच भाषण सुरू. मात्र हंगामाच्या पहिल्या मॅचला खांद्यावर घेतलेला निळा टॉवेल हंगाम संपेपर्यंत धुवायचा नाही. मी एकदा खवचटपणे याचं कारण विचारलं.

"ही श्रद्धा न्हाय, सर," मामा म्हणाले, "शिस्त हाय."

हंगामाची शेवटची मॅच येईपर्यंत या शिस्तीचा वास पार कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत जायचा.

तर ती मॅच. उदय क्लब कित्येक वर्षं खालच्या गटात खितपत पडलेला. ही एक मॅच जिंकली की वर जाणार होता. मामांनी आठवडाभर धड जेवण केलं नव्हतं. शेवटच्या मिनिटाला आम्ही दोन-एकने मागे होतो आणि आम्हाला पेनल्टी मिळाली. मारायला सिद्धू बनसोडे आला. हा सिद्धू एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करतो आणि पाळी संपली की बाइकवरून थेट सरावाला येतो. यंदाचे निम्मे गोल त्याचेच होते. त्याने मारलेला बॉल बारवरून गेला, भिंतीवरून गेला आणि रस्त्याने चाललेल्या सुताच्या टेम्पोत पडला. टेम्पोवाल्याला पत्ता नाही. बॉल अक्कलकोट रोडने जो गेला तो गेलाच. पंचाने मॅच संपल्याची शिट्टी वाजवली.

त्यानंतर लोकांनी सिद्धूला जगू दिलं नाही. वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज नवा विनोद. बॉल हैदराबादला पोचला, टेम्पोवाल्याला क्लबात घ्या, वगैरे. चहाच्या टपरीवर तो दिसला की कुणीतरी मुद्दाम आकाशात बघायचं. सिद्धूने टपरी सोडली. मग मैदानाचा रस्ता सोडला, कारखान्यात लांबच्या वळशाने जाऊ लागला. शेवटी बूट एका मित्राला देऊन टाकले आणि फुटबॉल सोडल्याचं जाहीर केलं. पोरगं गुणी होतं, मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटण्यापलीकडे मी काही केलं नाही.

त्याच सुमारास मामांची खुर्ची मैदानावर आली.

"बॉल भाईर गेला की गोल किक व्हाया पायजे का नको?" मामांचा रोकडा सवाल. "झाली का? न्हाय झाली. मग मॅच संपली कशी?" पंच बिचारा भला माणूस. तो स्वतः येऊन नियम समजावून गेला. मामांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "तुमी दमलाय. उद्या या."

वस्तीला हे नवं खाद्य मिळालं. मामांचा शेळ्यांबरोबरचा फोटो ग्रुपवर आला, खाली लिहिलेलं, 'उदय क्लबची नवी टीम'. मामी मला म्हणाल्या, "बसू द्या ओ सर, मानसाचं काय न्हाय. त्यो टॉवेल तेवढा धुवाया मिळू द्या."

अखेर मीच सांगायला गेलो. "मामा, लोक हसतायत तुम्हाला."

"व्हय? गुरुपवर काय म्हनत्यात, दावा की."

मी मोबाइल दिला. त्यांनी सगळे विनोद मन लावून वाचले, दोनदा वर-खाली केले आणि समाधानाने परत दिला. "सगळं माजंच हाय की ह्यात," म्हणाले. म्हातारपणी माणसाला प्रसिद्धीची हौस येते, असं मनात म्हणून मी घरी गेलो.

आणि एका संध्याकाळी मी मामांजवळ उभा असताना फाटकाशी बाइक थांबली. सिद्धू होता. केसांत कारखान्यातला कापूस तसाच. मामांकडे न बघता तो म्हणाला, "मामा, चला घरी. लई झालं. माज्यामुळं सारी वस्ती तुमाला हसाया लागलीय."

"हसू दे की," मामा म्हणाले. "मला हसत्यात तवर तुला कोन हसत न्हाय."

गेल्या कित्येक दिवसांत ग्रुपवर सिद्धूचं नाव कुणी काढलं नव्हतं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्या क्षणी मला मामांचे पाय धरावेसे वाटले.

सिद्धू खाली मातीत बसला. "चुकलं मामा माजं."

"चुकतंय की. बूट कुनाला दिलास?"

"किसनला."

"माघारी माग. उद्या सरावाला येनार का न्हाय, तेवढं सांग."

सिद्धू बोटाने माती उकरू लागला. मग तो हळूच म्हणाला, "येतो."

मामांनी एक लांब श्वास सोडला. "मग हारलो आपन," म्हणाले. "दोन-एक."

हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "लई वाटलं हुतं रं सिद्धू... यंदा वर जाऊ. माज्या डोळ्यादेखत."

आणि मामा रडायला लागले. आधी खालमानेने, मग चांगले हुंदके देऊन. एवढे दिवस त्यांनी स्वतःला रडायची सवडच दिली नव्हती. सिद्धू त्यांचा गुडघा धरून "जाऊ की मामा, जाऊ की" म्हणत बसला होता.